मासा सोडला, पण जगला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खोल समुद्रातल्या हौशी मासेमारीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं : ‘पकडलेले सर्व मासे सुखरूप सोडण्यात आले.’ यातलं ‘सोडण्यात आले’ खरं असतं. ‘सुखरूप’ मात्र अंदाजाने लिहिलेलं असतं. मासा शेपूट मारून खाली गेला, एवढंच बोटीवरून दिसतं. पुढच्या दोन तासांत किंवा दोन दिवसांत त्याचं काय होतं, ते कुणाला दिसत नाही. ‘पकडा आणि सोडा’ या पद्धतीबद्दलचा नैतिक वाद नेमका या न दिसणाऱ्या वेळेबद्दल आहे आणि तो हवेत करण्याची गरज नाही. मोजमापं उपलब्ध आहेत.

बार्थोलोम्यू आणि बोनसॅक या संशोधकांनी २००५ साली सोडलेल्या माशांच्या मृत्यूवरचे अभ्यास एकत्र केले. २७४ नोंदींची सरासरी निघाली १८ टक्के, मध्यक (निम्म्या नोंदी ज्याच्या खाली, निम्म्या वर) ११ टक्के. काही नोंदी शून्याजवळ होत्या, तर काहींत बहुतेक मासे मेले होते. सरासरीपेक्षा हा पसारा महत्त्वाचा आहे, कारण तो नशिबावर कमी आणि पद्धतीवर जास्त अवलंबून असतो. तरी सरासरीच धरून हिशेब करू. एकाने दिवसभरात २० मासे धरून सोडले, तर त्यातले तीन-चार मरतात. दुसऱ्याने दोन मासे मारून घरी नेले आणि रॉड ठेवून दिला, तर त्याच्या खात्यावर दोनच. तरीही पहिल्याचं कौतुक होतं आणि दुसऱ्याला नाकं मुरडली जातात. सोडलेला मासा शून्य धरायचा, हीच या सगळ्या हिशेबातली मूळ चूक आहे.

न दिसणारी वेळ आता थोडी दिसू लागली आहे ती उपग्रह-टॅगमुळे. माशाच्या पाठीच्या पंखाच्या मुळाशी एक छोटं यंत्र रोवतात. ते खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतं, ठरलेल्या दिवशी सुटून वर तरंगतं आणि नोंदी उपग्रहाकडे पाठवतं. जिवंत माशाची खोलीची रेघ सतत वर-खाली होते. मेलेल्या माशाची रेघ एकदाच सरळ खाली जाते आणि तळाशी आडवी पडते. फार खोल पाण्यात यंत्र दाबाने चिरडू नये म्हणून ते त्याआधीच माशापासून सुटतं आणि त्यावरूनही मासा बुडाला हे कळतं. ‘तो तर झोकात पोहत गेला होता’ या छातीठोक विधानाला एवढी आडवी रेघ पुरते.

कोणत्या गळाने धरलेला मासा जास्त जगतो, हा वाद याच तंत्राने जवळजवळ मिटला. होरोडिस्की आणि ग्रेव्ह्ज या संशोधकांनी पश्चिम अटलांटिकमध्ये हौशी मासेमारांनी धरलेल्या पांढऱ्या मार्लिनना (भाल्यासारखी चोच असलेल्या मोठ्या माशांना) टॅग लावले. नैसर्गिक आमिषावर सर्कल हुकने, म्हणजे टोक आत वळलेल्या गोलसर गळाने, धरलेले २० पैकी २० जगले. सरळ दांड्याच्या, इंग्रजी ‘J’ आकाराच्या गळाने धरलेले २० पैकी १३ जगले. समुद्र तोच, मासा तोच आणि फरक फक्त वाकवलेल्या तारेचा. २००८ पासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मार्लिन-सेलफिश स्पर्धांत नैसर्गिक आमिषासाठी, किंवा नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून केलेल्या आमिषासाठी, बिनतिरकस (टोक बाजूला न कललेला) सर्कल हुक बंधनकारक आहे.

सर्कल हुक का चालतो, हे कळलं नाही तर तो वापरूनही उपयोग होत नाही. त्याचं टोक दांड्याकडे काटकोनात वळलेलं असतं. गिळला तरी तो घशात किंवा आतड्यात सहसा रुतत नाही. मासा वळून निघाला की गळ सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर फिरून तिथे बसतो. त्यासाठी माशाने स्वतः वळून दोर ताणायला हवा. म्हणून झटका द्यायचा नाही. इथेच सवय आड येते. ‘J’ गळावर हात बसलेला माणूस चावा लागताच रॉड उचलतो आणि गळ माशाच्या तोंडातून सरळ बाहेर ओढला जातो. दोन-तीनदा असं झालं की ‘हा गळ लागतच नाही’ म्हणून तो पेटीत जातो. योग्य पद्धत साधी आहे : माशाला आमिष घेऊन जाऊ द्यायचं, ड्रॅग (रिळावरून दोर सुटताना त्याला रोखणारा ब्रेक) हळूहळू चढवायचा, रॉड माशाच्या दिशेला ठेवून दोर आपोआप ताठ होऊ द्यायचा आणि मगच रॉड उचलायचा. दुसरी चूक खरेदीतली. काही सर्कल हुकांचं टोक दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, बाजूला तिरकं असतं. हा तिरकसपणा जितका जास्त, तितका गळ आत रुतण्याचा धोका वाढतो. गळ सपाट टेबलावर ठेवून पाहिला की लगेच समजतं.

चालत्या बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम आमिषांचा प्रश्न वेगळा. तिथे गळ बहुधा तोंडाच्या पुढच्या भागात लागतो, कारण माशाला गिळायला उसंतच नसते. पण एकामागे एक असे दोन गळ बांधले असतील, तर पहिला जबड्यात बसतो आणि झटापटीत दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात शिरतो. एकच गळ पुरतो. पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर उसळणारं कृत्रिम आमिष) आणि तत्सम आमिषांवरचे तिहेरी गळ काढून तिथे एकेरी गळ लावावेत आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा. दोर ताठ ठेवला तर मासा सुटत नाही आणि गळ काढायला पाच सेकंद लागतात. माणसाच्या बोटात घुसलेला गळही तसाच निघतो, हा फायदा बोटीवर सर्वांना पटतो.

आता झुंजीबद्दल. या खेळात ‘हलक्या दोरावर मोठा मासा’ याला मान आहे. १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय क्रीडामासेमारी संघटना दोराच्या ताकदीनुसार वेगवेगळे विक्रम नोंदवते. विक्रमाचं गणित म्हणून त्यात काही गैर नाही. पण जो मासा सोडायचाच आहे, त्याच्यासाठी हलका दोर म्हणजे लांबलेली झुंज. अतिश्रमात माशाचे पांढरे स्नायू प्राणवायूविना चालतात, लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. यातून सावरायला कित्येक तास लागतात. म्हणून सोडताना ठीक दिसणारा मासा नंतर मरू शकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शेपटीला गळ अडकून धरल्या गेलेल्या १९ थ्रेशर शार्कना टॅग लावले होते. त्यातले पाच मेले आणि त्या पाचही जणांची झुंज ८५ मिनिटं किंवा त्याहून जास्त चालली होती. शेपटीने मागे ओढला जाणारा शार्क पुढे पोहू शकत नाही, त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहत नाही आणि तो पाण्यातच गुदमरतो.

म्हणजे सोडण्याचा विचार बंदरातच, सामान निवडताना करावा लागतो. दोर जड घ्यावा. ड्रॅग हाताच्या अंदाजाने न ठेवता स्प्रिंगच्या काट्यावर मोजावा, दोराच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के : २४ किलोच्या दोराला ६ ते ७ किलो. एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. दोर बाहेर गेला की रिळावरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि ड्रॅगला हात न लावताही दोरावरचा ताण वाढतो. व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोराचा ताण मिळतो. घाबरून त्याच वेळी ड्रॅग आणखी आवळला की दोर तुटतो आणि मासा तोंडात गळ व मागे शे-दोनशे मीटर तंगूस घेऊन फिरतो. तो कुठेतरी अडकणारच. दोर तोडून गेलेला मासा हा सोडलेला मासा नव्हे. मासा लांब गेला तर ड्रॅग सैल करून बोट त्याच्यामागे न्यावी. अंतर कमी करणं हे रॉड धरणाऱ्याइतकंच सुकाणूवरच्या माणसाचं काम आहे. ‘पण मग झुंजीत मजा काय?’ असं विचारणाऱ्याला आमचं उत्तर एवढंच की मजा लांबवायची असेल तर मासा सोडल्याचं श्रेय मागू नये.

सर्वांत जास्त मासे मारणारी गोष्ट बहुधा फोटो आहे. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना पाण्याचा आधार असतो. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायूची देवघेव जवळजवळ थांबते. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांचा १९९२ चा प्रयोग गोड्या पाण्यातल्या इंद्रधनुषी ट्राउटवरचा आहे, पण त्यातली तुलना लख्ख आहे. दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, तर ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. समुद्रातल्या प्रत्येक जातीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दिशा तीच राहते. मार्लिनला कठड्यावरून आत ओढून मांडीवर घेतलेला फोटो काढायला एक मिनिट सहज जातं. फ्लोरिडात ४० इंचांहून लांब टार्पन (तिथला एक मोठा मासा) पाण्याबाहेर काढण्यावरच बंदी आहे. मोठ्या माशांसाठी हाच नियम सर्वत्र पाळावा : मासा पाण्यात, माणूस कठड्यावर वाकलेला, फोटो वरून.

बोटीशेजारची कामं आधी वाटून घेतली तर वेळ वाचतो. एकाने हातमोजे घालून लीडर (गळाजवळचा जाड दोर) धरायचा, मात्र तो हाताला गुंडाळायचा नाही. दुसऱ्याने चोच किंवा खालचा जबडा धरायचा. तिसऱ्याच्या हातात लांब दांड्याचा गळकाढू आणि कात्री तयार हवी. गळ दिसत असेल तर काढावा. घशात असेल तर ओढू नये, लीडर गळाच्या जवळात जवळ कापावा. म्हणूनच गळ स्टेनलेस नसावा. साधा पोलादी गळ खाऱ्या पाण्यात गंजून झडून जातो. हात ओले हवेत, कोरडा टॉवेल नको. अंगावरचा चिकट थर हे माशाचं रोगांपासूनचं संरक्षण असतं आणि तो उन्हात तापलेल्या डेकवर क्षणात निघून जातो. बोटं कल्ल्यात घालायची नाहीत. जड मासा जबड्याने उभा टांगायचा नाही. पाण्याने तोललेलं त्याचं वजन मग एकट्या कण्यावर आणि आतल्या अवयवांवर येतं. मासा टोचून वर ओढायचा आकडा तर अशा बोटीवर बाहेरच काढू नये.

सोडण्याआधी मासा शुद्धीवर आहे का, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. त्याला हळूच कुशीवर कलवा. भानावर असलेल्या माशाचा डोळा उलट फिरून सपाटी राखायचा प्रयत्न करतो. डोळा शरीराबरोबर वळला, कल्ल्यांची झाकणं हलेनाशी झाली आणि शेपूट दाबल्यावरही प्रतिसाद नसेल, तर तो मासा सोडला की बुडणार. टूना आणि मार्लिन कल्ल्यांवर पाणी घेण्यासाठी पुढे पोहण्यावरच अवलंबून असतात. त्यांना चोचीला किंवा ओठाला धरून, तोंड पुढे ठेवून, दोन ते तीन नॉटच्या वेगाने बोटीशेजारून न्यावं लागतं. रंग परत येऊ लागतो, अंग ताठ होतं, शेपूट जोर धरते आणि मग सोडायचं. पुढे-मागे हलवण्याची पद्धत चुकीची आहे. मागे ढकलताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं आणि पापुद्रे दुखावतात. आजूबाजूला शार्क फिरत असतील तर हे सगळं व्यर्थ. दमलेला मासा सोडणं म्हणजे त्यांना घास भरवणं. अशा वेळी जागा बदलावी.

इथवरचं वरच्या थरातल्या माशांचं झालं. तळाच्या माशांचा प्रश्न वेगळा आहे आणि आमच्या मते सगळ्यात अवघड तोच. तांब, गोब्रा अशा माशांच्या पोटात हवेची बंद पिशवी असते. तिच्यातला वायू रक्तावाटे हळूहळू, तासांच्या हिशेबाने कमी-जास्त होतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. त्या खोलीवरून मासा दोन मिनिटांत वर आणला की पिशवी पाचपट फुगू पाहते, म्हणजे बऱ्याचदा फाटते. डोळे बाहेर येतात, पोट फुगतं, तोंडातून एक गुलाबी फुगा डोकावतो. असा मासा कितीही ताजातवाना असला तरी खाली जाऊच शकत नाही. तो पृष्ठभागावर तरंगतो, उन्हात भाजतो, पक्षी टोचतात. सुरमईला ही पिशवीच नसते, शार्कलाही नसते, म्हणून त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

तोंडातून आलेला तो फुगा म्हणजे हवेची पिशवी, असं समजून लोक तो सुरीने फोडतात. ते माशाचं जठर असतं, उलटं होऊन बाहेर आलेलं. हवा काढायचीच तर पोकळ, टोकदार सुई छातीच्या पंखाच्या मागे, खवल्याखालून, ४५ अंशात शिरवावी लागते. जागा चुकली तर यकृत किंवा हृदय भोसकलं जातं. म्हणून सुईपेक्षा खाली उतरवण्याचं साधन बरं. माशाचा खालचा जबडा चिमट्यात धरायचा, चिमट्याखाली वजन लावायचं, वेगळ्या दोरीने खाली सोडायचं आणि झटक्याने किंवा दाबावर उघडणाऱ्या चिमट्याने मोकळं करायचं. उलटी धरलेली, कडांना शिसं बांधलेली प्लॅस्टिकची क्रेटही चालते. पाण्याचा दाबच पिशवी परत आवळतो. अमेरिकेच्या दक्षिण अटलांटिक भागात २०२० पासून आणि मेक्सिकोच्या आखातात २०२२ पासून यासंबंधी नियम आले. आखाताचा नियम आला तेव्हा त्यात साधनाला किमान १६ औंस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम वजन आणि ६० फूट, म्हणजे १८ मीटर दोरी हवी होती, किंवा त्याऐवजी सुई चालत होती. शिवाय ते मासा वर येण्याआधी जोडून तयार असणं आवश्यक होतं. शेवटची अट कागदी नाही. पेटीच्या तळातून साधन शोधण्यात तीन मिनिटं गेली की ते वापरून फारसं काही साधत नाही. वजन कमी पडलं तर फुगलेला मासा चिमट्यासकट वरच तरंगतो, तेव्हा मोठ्या माशांसाठी जास्तीचं शिसं जवळ हवं.

तरीही खोली वाढत जाते तशी जगण्याची शक्यता घटते. खूप खोल तळावर निव्वळ गंमत म्हणून, सोडण्यासाठी मासे ओढणं आम्हाला समर्थनीय वाटत नाही. तिथे कायद्याने चालतील तेवढे खाण्यापुरते ठेवावेत आणि थांबावं. मोठा मिळेपर्यंत लहान फेकत राहणं तर त्याहून वाईट.

शार्कच्या बाबतीत एक वेगळी काळजी. त्यांना अवयव सावरणाऱ्या फासळ्या नसतात, म्हणून डेकवर किंवा वाळूवर ओढलेला मोठा शार्क स्वतःच्याच वजनाने आतून दुखावतो. गाभण माद्या पकडल्या जाण्याच्या ताणाने पिल्लं अकाली टाकतात, हेही नोंदलेलं आहे. लीडर जवळ कापून पाण्यातच मोकळं करणं एवढाच योग्य मार्ग.

राहता राहिला मूळ प्रश्न : जगला तरी त्याला त्रास देण्याचा अधिकार आहे का? लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचलं, तेव्हा मासे बराच वेळ खाईनासे झाले आणि आम्ल टोचलेले ओठ खडीवर घासू लागले. जेम्स रोज यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की माशांना आपल्यासारखा मेंदूचा बाह्यस्तर नाही, तेव्हा याला वेदना म्हणू नये. युरोपातल्या काही देशांनी आपली बाजू निवडली आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीने सोडण्याच्याच हेतूने मासेमारी करायला मनाई केली. जर्मनीत रास्त कारणाशिवाय पृष्ठवंशी प्राण्याला मारणं किंवा मोठ्या वेदना देणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूला, मार्लिन आणि टूनाच्या स्थलांतराबद्दल जे कळलं त्यातला मोठा वाटा हौशी मासेमारांनी टॅग लावून सोडलेल्या माशांचा आहे. अमेरिकेत वुड्स होल इथे १९५४ साली सुरू झालेला टॅगिंगचा कार्यक्रम त्यांच्याच मदतीने चालला. शिवाय लांबीची किंवा संख्येची मर्यादा असेल तिथे मासा सोडणं हा पर्यायच नसतो, कायदाच असतो. खाण्यासाठी मासे धरणाऱ्यालाही वरचं सगळं लागू होतं.

आम्हाला स्वित्झर्लंडची बंदी समुद्रासाठी नको आहे. पण टॅग न लावता, खाण्याचा विचार नसताना, दिवसाला ३० सेलफिश सोडल्याची बढाई मारणाऱ्याकडे त्या बंदीला उत्तर नाही, हेही मान्य करायला हवं. सोडण्यालाही दिवसाची मर्यादा असावी आणि ती गाठली की दोर वर घ्यावेत. स्पर्धांत प्रत्येक सोडलेल्या माशाला गुण देतात, त्यामुळे संख्या वाढवण्याचीच चढाओढ लागते. त्याऐवजी ३० मिनिटांपुढच्या झुंजीला गुण कापावेत, पाण्याबाहेर काढलेल्या माशाला शून्य द्यावं आणि मासा सोडतानाचं अखंड चित्रीकरण सक्तीचं करावं. डोळा फिरतो की नाही, हे त्यातही दिसतं.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. या स्पर्धांची बातमी देताना सोडलेल्या माशांच्या संख्येबरोबर तीन गोष्टी आयोजकांना विचारून छापाव्यात : गळ कोणता होता, सर्वांत लांब झुंज किती मिनिटं चालली आणि किती मासे पाण्याबाहेर काढले. हे आकडे आयोजकांकडे नसतील तर ‘सुखरूप’ हा शब्द बातमीतून वगळावा. आणि डेकवर आडव्या ठेवलेल्या मार्लिनच्या फोटोखाली ‘नंतर समुद्रात सोडण्यात आले’ अशी ओळ देणं बंद करावं.

आपले,
खोल समुद्रातल्या हौशी मासेमारीशी संबंधित काही वाचक